नवे संगणक, जुना सर्व्हर

संपादक महोदय,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि आमच्या कार्यालयात नवे संगणक आले. जोडताच सामायिक फोल्डर उघडेनात. खापर अर्थातच नव्या यंत्रांवर फुटले. नेटवर्क मी सांभाळते; दोष सर्व्हरचा आहे. त्यावरच्या विंडोज सर्व्हर २००३ ला एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची) फक्त पहिली आवृत्ती कळते. नव्या विंडोजमध्ये ती बंदच असते, आणि ते योग्यच. २०१७ मध्ये फाइली अडवून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच वाटेने पसरला. तरी 'ती चालू करा' हा सल्ला सर्रास मिळतो. एका म्हाताऱ्या सर्व्हरसाठी सगळ्यांच्या दाराच्या कड्या काढायच्या? फाइली आधी नव्या सर्व्हरवर हलवा. हिशेबाचा जुना प्रोग्राम हलत नसेल (तो कधीच हलत नाही), तर तेवढा वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. खरेदीवर सही करणाऱ्यांनी सर्व्हरचे वयही विचारावे.

– एक नेटवर्क व्यवस्थापक