केसांसाठीच्या गोळ्यांविषयी चि. मृण्मयीस

कोथरूड, पुणे

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बाटल्यांची छायाचित्रे मी भिंग घेऊन वाचली. केस गळतात म्हणून तू सेलेनियम या खनिजाची २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल घेतेस, वर रोज दोन ब्राझील नट खातेस, झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी घेतेस आणि बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्याही खातेस. यांपैकी काहीच डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सेलेनियम शरीराला लागते, पण फार थोडे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते. एका ब्राझील नटमध्येच ते ६८ ते ९१ मायक्रोग्रॅम असू शकते, म्हणजे तुझी रोजची बेरीज, पोळीभाजी न धरताही, ३३० च्या पुढे जाते. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्याने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे तपासले गेले. तो टळला नाहीच, उलट सेलेनियम घेणाऱ्यांत केस गळण्याचे प्रमाण जास्त आढळले. याच आधारावर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरवली. केस वाचावेत म्हणून तू जे घेतेस, त्याच्या अतिरेकाची सुरुवातीची खूण केस गळणे हीच आहे. नखे ठिसूळ होणे आणि श्वासाला लसणासारखा वास येणे ही त्याची आणखी लक्षणे.

२०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यातील शेगाव परिसरात लोकांना अचानक टक्कल पडू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले होते. तो निष्कर्ष अंतिम मानण्याची घाई मी करणार नाही, पण शंका अगदीच निराधार नव्हती.

झिंकची कमाल मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे. ते दीर्घकाळ जास्त घेतले, तर आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढते, ते तांबे धरून ठेवते आणि पेशी गळून पडताना ते तांबेही बाहेर जाते. मग रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, क्वचित पायांना बधिरताही येते. कोविडच्या काळात इथे घरोघरी झिंकच्या गोळ्या आल्या आणि ‘घेतली तर काय बिघडते’ ही वृत्ती तेव्हापासून रुजली, असे माझे मत आहे.

तेव्हा सेलेनियम आणि झिंक आजच थांबव. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी) तपासून घे, मात्र गमी निदान दोन-तीन दिवस आधी बंद कर, कारण बायोटिनमुळे थायरॉईडचे अहवाल चुकीचे येऊ शकतात. अहवाल आणि सगळ्या बाटल्या घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि डॉक्टर काय म्हणतात ते मला फोनवर सांग.

तुझे
बाबा