वीज गेली, फाइल शून्य बाइट झाली. दोष डिस्कचाच असतो असे नाही

संपादक महोदय,

पावसाळ्यात वीज अचानक गेली की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरलेली तक्रार येते: संगणक नीट सुरू होतो, पण काल सेव्ह केलेली फाइल उघडत नाही, तिचा आकार शून्य बाइट दिसतो. लगेच डिस्क बदलायचा सल्ला मिळतो. डिस्क अनेकदा धडधाकट असते. मजकूर तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

'सेव्ह' केलेला मजकूर आधी रॅममध्ये, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत थांबतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ सेटिंगमध्ये तो 30 सेकंद किंवा थोडा जास्त वेळ तिथेच राहू शकतो. एनटीएफएस (विंडोजची) आणि ईएक्सटी4 (लिनक्सची) या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती, जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवतात हे खरे, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या जर्नलमध्ये फाइलचे नाव, आकार आणि तिच्या वाट्याचे ब्लॉक (डिस्कवरच्या जागा) एवढेच नोंदले जाते, आतला मजकूर नाही. म्हणून विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा चेकडिस्क 'दोष नाही' असे सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. पेनड्राइव्हवरच्या फॅट32 आणि एक्सफॅटला तर जर्नलही नसते.

2009 मध्ये ईएक्सटी4 नवी असताना हा प्रश्न जगभर गाजला. जुनी ईएक्सटी3 दर 5 सेकंदांनी नोंद पक्की करी आणि त्याआधी मजकूर डिस्कवर उतरवी. ईएक्सटी4 वेगासाठी ब्लॉक वाटप पुढे ढकलू लागली. अनेक प्रोग्राम नवी फाइल लिहून तिला जुन्या फाइलचे नाव देत. परिणामी हे नाव बदलल्याची नोंद आधी पक्की होई, मजकूर मागे राही, आणि क्रॅशनंतर सेटिंगच्या फाइली रिकाम्या सापडत. तिचे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते की प्रोग्रामनेच 'एफसिंक' ही, मजकूर लगेच डिस्कवर उतरवायला सांगणारी आज्ञा द्यायला हवी. तरीही त्यांनी लिनक्सच्या कर्नेलच्या (गाभ्याच्या) 2.6.30 या आवृत्तीत प्रोग्रामच्या सामान्य चुका सांभाळून घेणारी तरतूद केली. दोन्ही योग्यच झाले, असे माझे मत आहे. पण त्या तरतुदीच्या भरवशावर हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणे हा बेजबाबदारपणा आहे.

योग्य क्रम असा: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहायची, तिला एफसिंक द्यायचा, मग तिला मूळ नाव द्यायचे आणि शेवटी फोल्डरलाही एफसिंक द्यायचा. मूळ फाइल आधी रिकामी करून तिच्यावरच लिहायला घेतले, तर मधल्या क्षणी वीज जाताच जुनेही जाते आणि नवेही. एफसिंकने चूक कळवली तर ती गिळून पुन्हा प्रयत्न करणेही धोक्याचे आहे. लिनक्सवर दुसरा एफसिंक 'यशस्वी' म्हणू शकतो आणि मजकूर मात्र गेलेला असतो, हे 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आले. तेव्हापासून अशी चूक आली की पोस्टग्रेस स्वतःला थांबवते आणि आपल्या लॉगवरून (आधीच लिहून ठेवलेल्या व्यवहारांच्या नोंदीवरून) सावरते.

अनेक छोटी सॉफ्टवेअर एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस वापरतात. क्रॅशनंतर डेटाबेसशेजारी त्याच नावाची, शेवटी '-जर्नल' किंवा '-वॉल' (इंग्रजी अक्षरांत) असलेली फाइल दिसली तर ती कचरा समजून पुसू नये. अर्धवट व्यवहार मागे घेणे किंवा झालेला व्यवहार पुरा करणे तिच्यावरच अवलंबून असते. बॅकअप घेतानाही एकटी मूळ फाइल उचलू नये.

डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा तिचे खराब सेक्टर (वाचता न येणारे भाग) वाढत असतील, तर चेकडिस्क चालवण्याआधी 'डीडीरेस्क्यू' या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. चेकडिस्क रचना सुधारते; त्या भरात तुमच्या फाइलींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. एसएसडीवर (चिपांच्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवणारी सोय, चालू असेल तर पुसलेले परत मिळण्याची आशा फारच थोडी.

आपल्याकडे बरीच कार्यालये संगणक घरगुती इन्व्हर्टरवर चालवतात. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'इको' अशी कळ असते. ती 'यूपीएस'वरच हवी. संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) पूर्ण भारावर जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो आणि इकोवर विजेवरून बॅटरीवर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. स्वतंत्र यूपीएस घेताना यूएसबी केबलने संगणकाला 'बंद हो' असे कळवणारा घ्यावा. रात्री कोणी जवळ नसेल तर नुसती बॅटरी संगणक अचानक बंद पडण्याची वेळ काही मिनिटे पुढे ढकलते, इतकेच.

पतसंस्था, शाळा आणि ग्रामपंचायतींनी सॉफ्टवेअर घेताना पुरवठादारासमोर एक चाचणी करावी. चाचणीच्या डेटावर नोंदी टाकायच्या, प्रत्येकीचा क्रमांक कागदावर लिहायचा, 'जतन झाले' असा संदेश येताच यूपीएस नसलेल्या संगणकाची वायर उपटायची. सुरू झाल्यावर कागदावरची शेवटची नोंद डेटाबेसमध्ये आहे का, ते पाहायचे. हे निदान वीस वेळा करावे, कारण एकदा निभावले म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असे नाही. नोंद एकदा जरी हरवली, तरी दुरुस्ती होईपर्यंत बिल मंजूर करू नये.

आपला,
एक संगणक अभियंता