तातेनो सेन्सेई, या डाव्या हाताचा नमस्कार

आदरणीय इझुमी तातेनो सेन्सेई (जपानीत ‘गुरुजी’) यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेल की नाही, ठाऊक नाही. मराठीत लिहितोय, कारण मनातलं मला याच भाषेत धडपणे सांगता येतं. आणि उघड लिहितोय, कारण एक बाजू गेलेलं माणूस आज कुणाच्या ना कुणाच्या घरी आहेच. एका डाव्या हातानं पियानो वाजवणाऱ्या तुमचं नाव त्यांनीही ऐकावं.

मी पेटी वाजवतो. तीस वर्षं भजनाला, कीर्तनाला, नाट्यपदांच्या मैफिलींना साथ केली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी हातातला चहाचा कप निसटला आणि उजवी बाजू गेली. वाचा महिन्याभरात परतली. काठी घेऊन चालायलाही लागलो. बोटं मात्र आली नाहीत. पेटीला उजवा हात वाजवतो आणि डावा भाता मारतो. आता डाव्यानं वाजवावं तर हवा कोण देणार? भेटायला आलेल्या एकांनी पेटी विकून टाकायचा सल्ला दिला. मी गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात भाची आली. मोबाइल माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, “मामा, डोळे मिटून ऐका.” जर्मन संगीतकार बाखनं एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली ‘शाकोन’ नावाची रचना होती, पुढे ब्राह्म्स या दुसऱ्या जर्मन संगीतकारानं डाव्या हाताच्या पियानोसाठी बसवलेली. मला खर्ज ऐकू येत होता, वरची चाल ऐकू येत होती, मधले भरीचे सूरही. संपल्यावर तिनं सांगितलं की हे एका हाताचं वादन आहे, तुमचं. मी पुन्हा लावायला सांगितलं. त्या रात्री किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

मग तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. १९३६चा तुमचा जन्म, तोक्योचा. वडील चेलो वाजवायचे, आई पियानो. १९६४मध्ये तुम्ही हेलसिंकीला गेलात आणि फिनलंडचेच झालात. तिथल्या सिबेलियस अकादमीत शिकवलंत, फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या पियानोच्या रचना जगाला ऐकवल्यात. आणि मग जानेवारी २००२. ताम्पेरे शहरात कार्यक्रम संपत आलेला असताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि तुम्ही रंगमंचावर कोसळलात. वय पासष्ट, उजवी बाजू लुळी. हे वाचताना माझा चहाचा कप मला पुन्हा दिसला.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. तुमच्या मुलानं, व्हायोलिनवादक यान्नेनं, इंग्लिश संगीतकार फ्रँक ब्रिजच्या डाव्या हातासाठीच्या तीन रचना तुमच्यापुढे ठेवल्या. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या डग्लस फॉक्स नावाच्या वादकासाठी ब्रिजनं त्या १९१८मध्ये लिहिल्या होत्या. त्याच युद्धात उजवा हात गेलेल्या पॉल विट्गेनश्टाइन या पियानोवादकासाठी फ्रेंच संगीतकार राव्हेलनं डाव्या हाताचा कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, लिहिला. ब्राह्म्सची शाकोनही १८७७ साली पियानोवादक क्लारा शुमानकडे पोचली, तेव्हा नेमका तिचा उजवा हात दुखावलेला होता. दुखावलेल्या हातांची एवढी मोठी परंपरा आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं. अंथरुणात मला वाटत होतं, हे माझ्या एकट्यावर आलंय.

साधारण दोन वर्षांनी तुम्ही परत वाजवू लागलात. पण तेवढ्यावर थांबला नाहीत. डाव्या हातासाठी रचना कमी आहेत म्हणून त्या नव्यानं लिहून घेण्यासाठी निधी उभारलात. जपानी संगीतकार ताकाशी योशिमात्सू यांनी तुमच्यासाठी लिहिलं, इतर अनेकांनी लिहिलं. २०१२ साली जपानी दूरचित्रवाणीवर ‘ताइरा नो कियोमोरी’ ही ऐतिहासिक मालिका झाली, तिच्या शीर्षकसंगीतातही तुमचाच डावा हात आहे. आज जपानात उजवा हात गमावलेल्या एखाद्या मुलीला पियानो वाजवायचा असेल, तर तिच्यासमोर ठेवायला स्वरलिपी आहेत. तुम्ही स्वतःपुरतं बघितलं असतं तरी कुणी बोललं नसतं.

माझ्यापुरतं सांगतो. पेटी विकली नाही. एका जुन्या नाटकवेड्या घरातून पायपेटी मिळाली, पायानं भाता चालवायची. डावा पाय शाबूत आहे, तो हवा देतो. बोटांचा हिशेब मात्र सगळा उलटा झाला. उजव्या हातात अंगठा खालच्या सुरांकडे असतो, डाव्यात तो वरच्या सुरांवर येतो. पहिले चार महिने मी साधा भूपाचा आरोहसुद्धा अडखळत वाजवला. मग तुमच्या वादनात ऐकलं, चाल अंगठाच गातोय, बाकीची बोटं खाली सांभाळून घेताहेत. मीही तारसप्तक अंगठ्याकडे सोपवलं. पियानोला पेडल दाबून खालचा सूर धरून ठेवता येतो आणि हात वर जाऊ शकतो. पेटीत बोट उचललं की सूर संपला. त्यामुळे काय वाजवायचं नाही, हे मला रोज ठरवावं लागतं. गायकाची तान पूर्वी मी शेवटपर्यंत पिच्छा पुरवून वाजवायचो. आता तिचा मुक्काम तेवढा धरतो. बुवा म्हणतात, साथ पूर्वीपेक्षा मोकळी वाटते. ते मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत, तेवढं मी त्यांना ओळखतो.

परवाच्या एकादशीला देवळात दोन तास बसलो. भैरवी संपली तेव्हा डावी पोटरी भरून आली होती. भाचीनं ते ध्वनिमुद्रित केलंय. घरी येऊन आधी तुमची शाकोन लावली, मग तिच्या पाठोपाठ आमची भैरवी.

तुमचा ऋणी,
एक पेटीवाला