'उपजत' सेवाभावाविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

काल ईस्टरच्या रविवारी आपल्या पुरवणीत ख्रिस्ती सेवाभावावर जो पानभर लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सकाळच्या उपासनेहून परतल्यावर चहाबरोबर वाचला, आणि दुसऱ्यांदा रात्री, मला आलेला राग लेखावरचा आहे की माझ्याच एका जुन्या आठवणीवरचा, हे तपासण्यासाठी वाचला. राग दोहोंवरचा आहे असे आढळल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लेखकमहाशयांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मिरजेस १८९४ साली रुग्णालय उभे करणारे डॉ. विल्यम वानलेस, केडगावच्या पंडिता रमाबाई आणि आमच्या नगरचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ही मंडळी नाताळात व ईस्टरला आपल्या पानांवर हजेरी लावून जातात, तशी ती यंदाही आली, याचा आनंदच आहे. परंतु या थोर नावांनंतर लेखात जे वाक्य आले, की ख्रिस्ती परिचारिकांच्या अंगी सेवाभाव 'उपजतच' असतो, ते वाचून माझा चहा निवला. मी चौतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. माझ्या अंगी उपजत होते ते सपाट तळपाय, आणि रात्रपाळीत त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. बाकीचे सारे, म्हणजे बेडपॅन नाक न मुरडता उचलण्यापासून मरणाऱ्या माणसाचे ओठ ओल्या कापसाने पुसण्यापर्यंतचे, कुणीतरी रागावून, प्रसंगी रडवून शिकवले तेव्हा आले. ते शिकवणाऱ्यांत सर्व धर्मांच्या बायका होत्या, हेही नोंदवून ठेवते.

लेखासोबत पांढरी टोपी घातलेल्या, हातात दिवा धरलेल्या परिचारिकेचे चित्र छापले आहे. फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईंचा तो दिवा आता इतक्या वेळा छापून झाला आहे, की त्या बाईंच्या दुसऱ्या हातात वही होती, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे त्यांनी आकडे मांडून, तक्ते काढून सरकारच्या गळी उतरवले. कोण कधी आणि कशाने मेला, याची खरी नोंद ठेवणे हे त्यांच्या लेखी देवाच्या कामाचाच भाग होते. दिव्याचे चित्र चांगले येते, वहीचे येत नाही, ही आपली छपाईची अडचण मी समजू शकते. मला मात्र वहीविषयीच सांगायचे आहे.

मी नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. ज्या रुग्णालयात होते त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. बायकांच्या मेडिकल वॉर्डात माझी रात्रपाळी होती. सात आणि आठ नंबरच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बायका होत्या, आणि संध्याकाळी पंख्याखालची जागा हवी म्हणून त्यांनी आपापसांत खाटा बदलून घेतल्या होत्या. रात्री दहा वाजता एकीचे पेनिसिलिनचे इंजेक्शन मी दुसरीला दिले आणि चार्टवरच्या दहाच्या चौकोनात खूण केली. जिला दिले तिची आधी टेस्ट झालेली नव्हती. हे औषध एखाद्याला सोसत नाही आणि काही मिनिटांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो, म्हणून आधी थोडेसे कातडीखाली टोचून पाहायचे, हा धडा आम्हाला पहिल्याच वर्षी घोकून घेतला होता. चूक माझ्या लक्षात आली ती पहाटे दोन वाजता, पुढच्या डोसचा ट्रे घेऊन गेले तेव्हा. तोपर्यंत त्या बाईंना काही झाले नव्हते. त्या गाढ झोपल्या होत्या. मी त्यांच्या उशाशी स्टूल घेऊन बसले आणि उजाडेपर्यंत दर पाव तासाने नाडी मोजत राहिले. डॉक्टरांना उठवायला हवे होते, ते मी उठवले नाही. तो माझा दुसरा अपराध, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा.

सकाळी सात वाजता इन्चार्ज सिस्टर आल्या, तेव्हा मी रडतच त्यांना सारे सांगितले. त्या आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, महिला मंडळाच्या प्रमुख, वॉर्डात रोज सकाळची प्रार्थना चालवणाऱ्या. त्यांनी आधी त्या बाईंकडे जाऊन पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "त्यांना काही झालं का? नाही ना? मग देवाचे आभार मान आणि वही बंद कर." दहाच्या चौकोनात खूण होतीच. मी ती केली तेव्हा ती खरी समजून केली होती; आता ती खोटी आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते, आणि ती तशीच राहू द्यायची होती. तो दिवस ईस्टरनंतरचा सोमवार होता. तीनच दिवसांपूर्वी, गुड फ्रायडेच्या उपासनेत, याच बाई क्रुसावरील सात उद्गारांपैकी 'हे बापा, त्यांना क्षमा कर' या पहिल्या उद्गारावर वीस मिनिटे बोलल्या होत्या आणि अर्धी मंडळी डोळे पुसत होती. त्यांत मीही होते.

घरी जाऊन मला झोप लागली नाही. दुपारी चारला मी परत गेले आणि वॉर्डाच्या डॉक्टरांना सांगितले. हे गृहस्थ देवाधर्माच्या वाटेला न जाणारे होते आणि आमच्या सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर व्हरांड्यात सिगारेट ओढीत उभे राहत असत. ते माझ्यावर रागावले, पण चुकीबद्दल नव्हे, तर रात्री उठवले नाही याबद्दल. मग म्हणाले, "आधी पेशंटला सांगू, मग कागद रंगवू." ते स्वतः त्या बाईंच्या खाटेशी गेले, त्यांच्या नवऱ्याला बोलावले आणि काय घडले ते मला बाजूला उभी करून सोप्या शब्दांत सांगितले. नवरा ऊसतोडणीला जाणारा होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे हिला ते औषध चालतंय, असं समजायचं का?" डॉक्टरांना हसू आले. पुढच्या वेळीही आधी टेस्टच करायची, असे त्यांनी बजावून सांगितले. मला मेमो मिळाला, वर्षभराची वेतनवाढ थांबली आणि इन्चार्जबाईंनाही वरून बोलणी खावी लागली.

संपादक महोदय, त्या बाई वाईट होत्या असे आपल्या वाचकांना वाटू नये. रक्त मिळत नव्हते तेव्हा बाळंतिणीसाठी स्वतःचे रक्त देऊन त्याच दिवशी ड्युटी पुरी केलेली मी त्यांना पाहिले आहे. वही बंद कर असे त्यांनी सांगितले तेही बहुधा मला वाचवण्यासाठीच, हे मला पुष्कळ उशिरा, स्वतः इन्चार्ज झाल्यावर, कळले. पण त्या प्रसंगानंतर त्यांनी महिला मंडळात माझ्याविषयी जे सांगायचे ते सांगितले आणि चर्चच्या दारात मला सलाम करणे सोडले. मीही सोडले. अकरा वर्षे आम्ही दोघी एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होतो. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. आम्ही दोघींनी अकरा वर्षे आपापले पाकीट थाळीत टाकले आणि दोन निरनिराळ्या दारांनी घरी गेलो.

याहून कबूल करायला जड वाटणारी गोष्ट पुढे आहे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाचे मानपत्र माझ्याकडून लिहून घेण्यात आले, कारण माझे अक्षर बरे होते. त्या मानपत्रात 'उपजत ख्रिस्ती सेवाभाव' हे शब्द मी स्वतः घातले. मनात एक ठेवून कागदावर दुसरे लिहिण्याची माझी ती दुसरी खेप. तेव्हा आपल्या लेखकांवर मी एवढी का रागावले, हे आपल्या ध्यानात यावे.

लेखात रमाबाई आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी थोडे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुलींना आणले, एवढेच आपण दर वेळी छापता. त्या शेकडो मुलींची आंघोळ, उवा, खरूज, गावठी शिव्या आणि चोरून खाल्लेल्या भाकरी कुणीतरी रोज निस्तरल्या असतील, त्यांना वाचायला, विणायला, छापखान्यात खिळे जुळवायला कुणीतरी शिकवले असेल, याचा उल्लेख कधीच येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० साली घेतला, हे आपण तारखांसह देता. परंतु मधल्या काळात, बाप्तिस्म्याच्या आधीच, जातीचा विचार करता करता 'आजपासून कुणाच्याही हातचे खाईन-पिईन' असे त्यांनी ठरवून टाकले, हा भाग गाळता. आधी दुसऱ्याच्या हातचे पाणी आणि मग बाप्तिस्म्याचे पाणी, हा त्यांचा क्रम होता. आमच्या मंडळ्यांत आजही लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारणारे महाभाग आहेत. त्यांनी हा क्रम डोळ्यांखालून घालावा. बायबलातल्या जक्कय जकातदाराचेच पाहा ना. प्रभू आपण होऊन त्याच्या घरी उतरायला गेला, पण आपल्या लक्षात राहिले ते त्याचे झाडावर चढणे. कुणाचे काही लुबाडले असेल तर चौपट परत करतो, हा हिशेब त्याने प्रभूसमोर मांडला होता, ते लहान मुलांच्या संडेस्कूलच्या गाण्यातही येत नाही.

जाता जाता एक गाऱ्हाणे, विषयाला धरूनच आहे म्हणून. परवा शुक्रवारी आपल्या पहिल्या पानावर एका लोकप्रतिनिधींची भलीमोठी जाहिरात होती, तीत 'तमाम ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असे गुलाबाच्या फुलांसह छापले होते. ज्या दिवशी आमच्या प्रभूला क्रुसावर खिळले, त्या दिवसाच्या शुभेच्छा कशा स्वीकाराव्यात हे आम्हाला कुणी शिकवलेले नाही. जाहिरातीचे पैसे मिळतात, त्यामुळे मजकूर पाहिला जात नाही, असे गृहीत धरते. गतवर्षी याच विषयावर मी चार ओळींचे पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही. यंदा गुलाबांची संख्या वाढली आहे.

हे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी कापणे भाग पडले, तर लेखकांच्या हेतूची स्तुती कापावी, नाईटिंगेलबाईंनाही कापले तरी चालेल. परंतु दुपारी चारला परत गेले एवढेच ठेवून पहाटे दोनला डॉक्टरांना उठवले नाही, हे वाक्य कृपया गाळू नये. त्या बाईंच्या चार्टवर ते मी कधीच लिहिले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नगर