लिव्हर कॅन्सरच्या पेशंटला वाट सांगणारं कुणीतरी हवं

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांना लिव्हरचा कॅन्सर निघाला. आधी कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग पोट फुगायला लागलं तेव्हा सोनोग्राफी, एएफपीची (लिव्हर कॅन्सरचा इशारा देणारी) रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन. मामी रिपोर्टची पिशवी छातीशी धरून दवाखान्यात बसलेल्या, फॉर्म सगळा कन्नड नाहीतर इंग्लिश, "काय लिहिलंय सांग की रे बाळा" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. बघवत नव्हतं हो.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, प्रत्येकाला लागतेच असं नाही, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) असेल तर बऱ्याचदा स्कॅनवरूनच निदान होतं, आणि गाठ कापायची, जाळायची की रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडायचा हे बाकीचं लिव्हर किती चांगलं आहे त्यावरही ठरतं, हे आम्हाला कुणी नीट बसून सांगितलंच नाही. मुंबईला टाटाला जायचं की बंगळूरला किदवई कॅन्सर हॉस्पिटलला, आयुष्मान कार्ड चालतंय की महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केलेली महात्मा फुले आरोग्य योजना, यातच तीन आठवडे गेले!

जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यांनी कन्नड, मराठी दोन्ही बोलणारा एक माणूस फक्त कॅन्सरच्या पेशंटसाठी बसवावा, ही कळकळीची विनंती. मामांना हिपॅटायटिस बी (लिव्हर खराब करणारा, एकाकडून दुसऱ्याला लागणारा विषाणू) होता हेसुद्धा तेव्हाच कळलं, मग घरच्या सगळ्यांची टेस्ट केली, ज्यांना नव्हता त्यांना लस दिली. ज्यांच्या घरी हिपॅटायटिस बीचा पेशंट आहे त्यांनी हे आजच करा.

– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव