मुगाच्या रोपांची नोंद मुलांनाच करू द्या

महोदय,

पावसाळ्यात शाळा रुळल्या की प्राथमिक वर्गांत बी रुजवण्याचा प्रयोग ठरलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तो ‘घरून करून आणा’ या सदरात मोडतो. ओल्या कापसावर मूग ठेवण्यापासून उंचीचा तक्ता भरण्यापर्यंतची कामे आईवडील उरकतात आणि मूल ठरलेल्या दिवशी तयार रोप घेऊन वर्गात येते.

त्याहून खटकणारी बाब अशी की, निष्कर्ष आधीच फळ्यावर लिहिलेला असतो. ‘प्रकाशाशिवाय रोप वाढत नाही’ हे वाक्य मुले उतरवून घेतात. पण मुगाची एक वाटी खिडकीत आणि दुसरी बंद कपाटात ठेवून आठवडाभराने पाहिले, तर कपाटातली रोपेच अधिक उंच झालेली आढळतात. तिसरीतल्या मुलाने पट्टी लावून हेच लिहून आणले, तर त्यावर लाल फुली न मारता त्याला ती रोपे नीट न्याहाळायला सांगावे. देठ पांढुरके, पाने पिवळट आणि इवलीशी, रोप स्वतःच्याच भाराने कललेले. दाण्याच्या डाळिंब्यांत साठलेल्या अन्नावर ते नुसते लांबत गेलेले असते आणि साठा संपला की मान टाकते. वेळीच उजेडात आणले, तर एक-दोन दिवसांत हिरवे होऊ लागते. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यात घटाखाली उगवलेले गव्हाचे पिवळसर कोंब कित्येक मुलांनी पाहिलेले असतात, मात्र त्यांचा या धड्याशी असलेला संबंध वर्गात क्वचितच निघतो.

प्रयोग म्हणायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. एका वाटीत माती व दुसरीत कापूस, शिवाय एक उन्हात तर दुसरी सावलीत, अशी सरमिसळ झाली की फरक कशामुळे पडला हे शिक्षकांनाही सांगता येणार नाही. तसेच प्रत्येक वाटीत एकाऐवजी दहा दाणे घ्यावेत, कारण नेमका गणंग दाणा हाती आला (उसळ करणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक असतो!) तर कितीही भिजवला तरी तो रुजत नाही आणि मूल पाण्याला दोष देऊन मोकळे होते. एक वाटी मुद्दाम पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावी. दाणे फुगतात, पण हवेअभावी पुढे कुजतात, आणि बीजाला पाण्याइतकीच हवाही लागते हे त्या वासानेच मुलांच्या ध्यानात राहते.

या साऱ्याला मूठभर मूग, चार वाट्या आणि परिपाठानंतरची पाच मिनिटे पुरतात. गुण द्यायचेच असतील, तर ते रोपाच्या उंचीला न देता मुलाने स्वतःच्या हाताने रोज भरलेल्या, खाडाखोड असलेल्या वहीला द्यावेत, आणि मेलेल्या रोपाची नोंदही त्या वहीत ग्राह्य धरावी, अशी शिक्षकांना विनंती आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा