पाण्याच्या सूचनेसाठी खाते कशाला?

महोदय,

आमच्या पेठेत पाणी बंद राहणार असल्याची सूचना गेल्या आठवड्यात एका कार्यालयाने केवळ ‘एक्स’वर (पूर्वीचे ट्विटर) दिली. शेजारच्या आजींनी लिंक उघडली, तर सूचनेऐवजी लॉग-इनचा चौकोन समोर आला आणि पिंपे भरायची राहून गेली.

एक्ससाठी ‘निटर’, यूट्यूबसाठी ‘इन्व्हिडियस’ आणि रेडिटसाठी ‘रेडलिब’ ही मुक्तस्रोत साधने अशा वेळी उपयोगी पडतात. त्यांचा सर्व्हर मूळ संकेतस्थळावरून मजकूर आणून देतो, त्यामुळे वाचकाला खाते काढावे लागत नाही आणि त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक) मजकुरासाठी त्या कंपनीकडे जात नाही. मात्र इन्व्हिडियसमध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे व्हिडिओही त्याच सर्व्हरमार्फत आणण्याचा, पर्याय निवडला नसेल, तर व्हिडिओ थेट गूगलकडूनच येतो, हे वापरणाऱ्याने जाणून घ्यावे. शिवाय ही सोय कंपनीच्या मर्जीवर टिकते. 2024च्या आरंभी एक्सने पाहुण्या खात्यांची, म्हणजे निटर ज्यांवर चालत होते त्या लॉग-इनविना मिळणाऱ्या तात्पुरत्या खात्यांची, वाट बंद केली, तेव्हा निटरचे अनेक सर्व्हर बंद पडले.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017मध्ये एकमताने दिला आहे. तेव्हा पुण्यातील सार्वजनिक कार्यालयांनी प्रत्येक सूचना आधी स्वतःच्या संकेतस्थळावर, लॉग-इनशिवाय वाचता येईल अशी प्रसिद्ध करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे